बाळ येतंय, गोटूचं काय करायचं?

लोकमान्यनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सातवा महिना चालू आहे. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण, त्यानंतर पंधरा दिवसांत बाळंतपणासाठी उज्जैनला माहेरी जायचं आणि सव्वा महिन्याचं बाळ घेऊनच इंदूरला परतायचं. घरी चार वर्षांचा बोका आहे, गोटू. जिन्यात पिल्लू सापडलं होतं, तेव्हापासून तो ताईंच्या पायाशी झोपतो. सासूबाईंचं म्हणणं, बाळ घरात यायच्या आत त्याची कुठेतरी सोय लावा. केस पोटात गेले की दमा होतो, आणि दुधाच्या वासाने मांजर बाळाच्या तोंडाशी जातं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की मांजरामुळे पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना धोका असतो. नवरा म्हणतो, काही होत नाही. ताईंना मात्र रात्री झोप नाही.

ताई, मी पंचवीस वर्षं इंदुरात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करतेय, आणि हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी डोळ्यांत पाणी आणून विचारतं. तुमच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे. गोटूला कुठेही सोडू नका. पण ‘काही होत नाही’ असं म्हणून स्वस्थही बसू नका. बाळ घरी यायला अजून साडेतीन महिने आहेत. तेवढा वेळ पुरतो, फक्त तो वाया घालवायचा नाही.

काकूंचं आधी घेऊ, कारण ते अगदीच खोटं नाही. त्या ज्याबद्दल बोलतात तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी. महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना हा धडा आम्हाला शेळ्यामेंढ्यांच्या गर्भपाताच्या निमित्ताने शिकवला होता. गरोदरपणात बाईला तो पहिल्यांदाच झाला तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, हे खरं आहे. पण तो येतो कुठून ते नीट समजून घ्या. मांजर कच्चं मांस किंवा उंदीर-पक्षी खाऊन हा परजीवी घेतं आणि पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडी विष्ठेतून टाकतं. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. शिवाय ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करू शकत नाहीत, त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराचा शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका तिथेच बराचसा संपतो. तुमचा गोटू घराबाहेर जात नाही, कोरडं खाणं आणि उकडलेलं चिकन खातो. त्याच्यापासून तुम्हाला हा रोग व्हायची शक्यता फार कमी आहे.

त्यापेक्षा जास्त शक्यता कशातून आहे, तर अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या कोथिंबीर-पालक-मुळ्यातून आणि गच्चीवरच्या कुंड्यांतून. भटकी मांजरं त्या कुंड्यांच्या मऊ मातीत येऊन जातात आणि मातीत ही अंडी महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा बाळंत होईपर्यंत कुंड्यांत हात घालू नका, घालायचाच तर हातमोजे घाला. भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा. गोटूला कच्चा खिमा, कच्ची कलेजी, काहीही कच्चं देऊ नका. आणि ट्रे आजपासून तुम्ही साफ करायचा नाही. ते काम नवऱ्याचं, रोज सकाळी, न चुकता. आपल्याकडे कचरागाडी सकाळीच येते, तिच्या वेळेला बांधून घेतलं की विसरायला होत नाही. वापरलेलं लिटर, म्हणजे ट्रेमधली भुकटी, पिशवीत घट्ट बांधून डायपर-सॅनिटरीच्या वेगळ्या डब्यात द्यायचं. ट्रे आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने धुवायचा. फिनाइलने ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात.

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी सांगितली असेल तर ती जरूर करा. पूर्वीच्या लागणीची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) रक्तात आढळली तर ती सहसा काळजीची नाही, उलट दिलाशाची गोष्ट असते. गोटूची तपासणी करून घ्यायला काही जण येतात, मी त्यांना परत पाठवते. त्यातून ठरवण्याजोगं फारसं काही हाती लागत नाही.

माझ्या दवाखान्यात मांजराकडून लहान मुलांना खरोखर काय होताना मी पाहते, तर नायटा. मांजराच्या कानामागे किंवा पंजावर रुपयाएवढी केस गेलेली, खवल्यांची जागा दिसते, आणि दोन आठवड्यांत घरातल्या मुलाच्या गालावर तसंच लाल कडं उमटतं. जीवघेणं नाही, पण महिनाभराच्या बाळाच्या अंगावर ते नको. म्हणून आत्ताच गोटूला एकदा दाखवून आणा. कातडी, कान, दात, पिसवा, जंत हे सगळं एकाच खेपेत होतं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. पिसवांसाठी मानेवर घालायचं औषध मांजराचंच घ्या, कुत्र्याचं कधीही नको. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि ते दगावू शकतं. रेबीजची लस दरवर्षी. ह्यात मी कुणालाच सूट देत नाही, घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालासुद्धा. घरात तान्हं असताना एखादा ओरखडा उठला तर लस झालेली असणं आणि नसणं ह्यात सगळ्या घराची झोप असते. आणि लस झालेली असली तरी बाळाला ओरखडा किंवा दात लागला तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरांकडे जायचं. हळद, कॉफी, चुना काही लावायचं नाही.

गोटूचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, फार बरं झालं. ज्यांच्या बोक्याचं किंवा भाटीचं झालेलं नसेल त्यांनी बाळ घरी यायच्या दोन महिने आधी करून घ्यावं. माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते आणि बोका कोपऱ्याकोपऱ्यात फवारे मारतो. बाळाच्या रात्रीच्या जाग्रणात हे कुणालाच पेलत नाही.

आता मुख्य गोष्ट. मांजराला घर वासाने माहीत असतं. कुठल्या खोलीत कुणाचा वास, कुठल्या वेळी कुणाची पावलं, किती वाजता वाटी वाजते, ह्यावर त्याचं सगळं स्वास्थ्य उभं असतं. ह्यातली एक गोष्ट बदलली तर ते दोन दिवस रुसतं आणि सावरतं. दहा गोष्टी एका दुपारी बदलल्या तर आजारी पडतं. बाळ येतं त्या दिवशी नेमकं हेच होतं. खोली बदलते, पलंग बदलतो, नवा वास, नवा आवाज, पाहुणे, आणि जिच्या पायाशी आपण झोपत होतो ती दारच लावून घेते. म्हणून जे जे बदलायचं आहे ते आधी बदलायचं, एका वेळी एकच, आणि दोन बदलांच्या मध्ये आठवडाभर जाऊ द्यायचा. बाळ येईल त्या दिवशी घरात नवीन फक्त बाळ असलं पाहिजे.

तुमच्या बाबतीत आपल्या रीतीमुळे एक वेगळी गोष्ट होणार आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. तिकडे आई दोन दिवस दवाखान्यात राहते आणि परत येते. तुम्ही जवळजवळ तीन महिने दिसणारच नाही. गोटूच्या हिशोबी तुम्ही गेलात ते गेलातच. आणि मग एक दिवस तुम्ही याल, ओव्याचा, दुधाचा, तेलाचा वास घेऊन, कडेवर एक रडणारं गाठोडं घेऊन. दोन धक्के आहेत हे, आणि पहिला धक्का तर दोन-तीन आठवड्यांवर आला आहे.

म्हणून जायच्या आधी त्याची माणसं बदला. आजपासून गोटूचं जेवण सासूबाईंच्या हातून जाऊ दे. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात थांबूही नका. त्यांना मांजर आवडत नाही, हे मला माहीत आहे. मांडीवर घ्या असं मी म्हणत नाहीच. वाटी तेवढी ठेवायची, रोज त्याच वेळेला, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आणि ठेवताना त्याला नावाने हाक मारायची. पंधरा दिवसांत तो त्यांच्या पायात घोटाळायला लागेल. आजवर मी पाहिलेल्या घरांत, ज्या सासूबाईंनी वाटी हातात घेतली त्यांच्याकडून मांजर सोडायची भाषा सहसा पुन्हा ऐकू आली नाही. खेळायचं काम यजमानांचं, रोज ऑफिसातून आल्यावर पंधरा मिनिटं, काठीला बांधलेलं पीस किंवा चेंडू. खेळ झाल्यावर लगेच संध्याकाळची वाटी. शिकार, मग जेवण, मग झोप, हा मांजराचा क्रम आहे आणि तो पाळला की रात्री ते शांत झोपतं.

झोपायची जागाही आत्ताच बदला. परतल्यावर बाळ तुमच्याजवळ झोपणार, तेव्हा त्या खोलीत रात्री गोटू नको. आणि हे तुम्ही जायच्या आधी सुरू झालं पाहिजे, म्हणजे दार बंद होण्याचा संबंध त्याच्या डोक्यात बाळाशी जुळणार नाही. तुमची एक जुनी, न धुतलेली ओढणी बाहेरच्या खोलीतल्या त्याच्या टोपलीत घाला. पहिले चार-पाच दिवस तो दाराशी ओरडेल, नखांनी दार खरवडेल. दार उघडायचं नाही. पाचव्या दिवशी एकदा जरी उघडलंत तर तो शिकेल की पाच दिवस ओरडलं की दार उघडतं.

बंद दाराबद्दल एक सुचवते. सुताराकडून त्या खोलीला जाळीचं दार बसवून घ्या, बारीक तारेची मजबूत जाळी, नायलॉनची नको, ती मांजर फाडतं. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही पहाटेकडे गार होतात. लाकडी दार लावून ती हवा बाहेर ठेवायची कशाला? आणि जाळीतून गोटूला आतलं दिसतं, वास येतो, आवाज येतो. जे दिसतं त्याची मांजराला भीती कमी वाटते. बाळ आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे दोघांची ओळख ह्या जाळीतूनच होऊ दे.

लिटरचा ट्रे तुमच्या खोलीच्या बाथरूममध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. तो तिथून हलवावाच लागेल. एकदम उचलून बाल्कनीत नेऊ नका, रोज हातभर सरकवा. आठ-दहा दिवसांत तो मुक्कामी पोचेल. मध्येच गोटू बाहेर शू करायला लागला तर दोन हात मागे या आणि तिथे तीन दिवस थांबा. शक्य असेल तर दुसरा एक ट्रे कायमचाच ठेवा.

आता पाळणा. सासरचा लाकडी पाळणा काढायचा विचार आहे, आणि दुपारसाठी साडीची झोळी. ताई, झोळी म्हणजे मांजराच्या दृष्टीने स्वर्ग आहे. मऊ, उंचावर, तीन बाजूंनी झाकलेली, जराशी हलणारी. गोटू तिच्यात जाणारच, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. सासूबाईंची भीती इथे रास्त आहे, फक्त कारण वेगळं आहे. मांजर दूध प्यायला किंवा श्वास ओढून घ्यायला जात नाही. ते ऊब शोधत जातं आणि उबेशी अंग मुडपून झोपतं. पहिले काही महिने बाळाला स्वतःची मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही, म्हणून चार-साडेचार किलोचं उबदार अंग त्याच्या तोंडाशी असणं धोक्याचं आहे. हा धोका क्वचित घडणारा असला तरी इथे क्वचितही चालत नाही.

तर पाळणा आत्ताच काढा, बाळ यायच्या निदान दोन महिने आधी. गादी घाला आणि गादीवर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल पसरा, किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवा. दोन-तीनदा उडी मारून गोटूला कळेल की ही जागा आवाज करते आणि अंगाला बरी वाटत नाही. रागावणं नाही, पाणी उडवणं नाही, नाहीतर तो तुमच्यासमोर जाणार नाही, तुमच्यामागे जाईल. त्याच वेळी पाळण्यापेक्षा उंच अशी त्याची स्वतःची जागा करा. कपाटावर जुनी गोधडी, चढायला मध्ये एक फळी. मांजराला उंचावरून सगळं दिसलं की निम्मी काळजी जाते. झोळी मात्र बाळ तिच्यात नसेल तेव्हा खुंटीवरून काढूनच ठेवायची, आणि बाळ तिच्यात असेल तेव्हा खोलीत मोठं माणूस जागं हवं.

छत्रीसारख्या मच्छरदाणीवर विसंबू नका. माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतः विसंबले होते. ती दोन महिन्यांची होती, मी तिला नुकतंच पाजायला उचललं होतं, आणि आमची मनी शेजारच्या टेबलावरून त्या छत्रीवर उतरली. काड्या वाकल्या आणि जाळी मनीसकट थेट उशीवर टेकली, जिथे मिनिटभरापूर्वी मुलीचं तोंड होतं. तुम्ही बाळ यायच्या आधी त्या छत्रीवर चार किलो तांदळाची पिशवी ठेवून बघा. काय होतं ते डोळ्यांनी दिसेल.

आवाजाची सवय फोनवरून लावता येते. तान्ह्या बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग लावायचं, पण इतकं हळू की गोटूचा कान तेवढा वळला पाहिजे, तो वाटीवरून उठता कामा नये. रोज जेवणाच्या वेळी पाच मिनिटं. चार-पाच दिवसांनी किंचित मोठं. तो उठून गेला तर उद्या आवाज कमी. महिन्याभरात पूर्ण आवाजाला तो जेवत राहील. हे काम तुम्ही उज्जैनला असताना घरच्यांनी करायचं आहे. बाळ झाल्यावर तर फारच सोपं, आपल्याच बाळाचं रडणं रेकॉर्ड करून पाठवा.

वासाचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. यजमान दर रविवारी उज्जैनला येतीलच. परतताना बाळाचं अंगात घातलेलं, न धुतलेलं एखादं झबलं किंवा दुपटं कापडी पिशवीतून आणायचं आणि गोटूच्या वाटीपासून तीन-चार हातांवर जमिनीवर ठेवून द्यायचं. त्याच्या नाकाशी धरायचं नाही. तो येईल, लांबून मान पुढे करून हुंगेल, कदाचित तोंड जरा उघडं ठेवून थांबेल. तो वास टाळूने घेत असतो तेव्हा असं दिसतं. फिस्कारला तर दुपटं आणखी लांब. हुंगून शांतपणे जेवायला गेला की दुसऱ्या दिवशी दुपटं हातभर जवळ. त्याबरोबर तुमचा एक वापरलेला कपडाही प्रत्येक आठवड्याला येऊ दे, म्हणजे तुमचा आणि बाळाचा वास एकत्र त्याच्या ओळखीचा होतो. उलट दिशेनेही करा. एक मऊ सुती फडकं गोटूच्या गालांवर, मिशांच्या मागे हळूच फिरवायचं आणि पाळण्याच्या पायांना, खोलीच्या चौकटीला मांजराच्या उंचीवर पुसायचं. मांजर जिथे स्वतःचे गाल घासतं ती जागा त्याला आपली आणि सुरक्षित वाटते.

वासाचा विषय निघालाच आहे तर काही गोष्टी घरातून बाजूला करा. बाळासाठी माळ्यावरून काढलेल्या दुपट्यांत, गोधड्यांत डांबरगोळ्या असतात. त्या मांजराला विषारी आहेत, आणि काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात, कावीळ होते. सगळं धुऊन दोन दिवस कडक उन्हात घाला. कापूर किंवा निलगिरी घातलेलं तेल दोघांनाही नको; मालिशला साधं खोबरेल किंवा तिळाचं तेल पुरतं. शेगडीवर ओवा-बाळंतशेपाची धुरी देऊ नका असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने द्यायचीच झाली तर शेगडी बाळापासून लांब, खिडकी उघडी आणि गोटू दुसऱ्या खोलीत. बाळ येणार म्हणून दिवसातून तीनदा फिनाइलने फरशी पुसणारी घरं मी पाहिली आहेत. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं, आणि फिनाइलमधले घटक त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. साबणाचं पाणी पुरे. बारशाला कुणी लिलीची फुलं आणली तर ती दाराबाहेरूनच दुसऱ्याला द्या; पानं, पराग, फुलदाणीतलं पाणी, लिलीचा कुठलाही अंश मांजराची मूत्रपिंडं निकामी करतो.

आणि पॅरासिटामॉल. दीड महिन्याच्या लसीनंतर बाळाला ताप येईल, घरात त्याचे थेंब येतील. मांजराला ताप वाटला म्हणून त्यातलं काही कधीही द्यायचं नाही. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते.

दम्याबद्दल. मांजराची ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची. केसांवरून आणि धुळीतून ते घरभर पसरतं. केस पोटात गेल्याने दमा होत नाही. पण तुमच्या किंवा यजमानांच्या घरी दमा, इसब, सर्दीची ॲलर्जी असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. बाळाच्या खोलीत मांजर नको, रोज ब्रश करा, ब्रश गच्चीवर करा, खोली ओल्या फडक्याने पुसा. ह्यापलीकडे आत्ताच घाबरायचं कारण नाही. सासूबाईंना आणखी एक सांगा: आपण सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतो, तीच षष्ठी देवी बंगालात बाळांची राखण करते आणि तिचं वाहन मांजर आहे.

परतायचा दिवस. घरात शिरताना बाळ आईंकडे किंवा यजमानांकडे द्या आणि तुम्ही आधी एकट्या आत जा. गोटू धावत येईल, किंवा पाठ करून बसेल. पाठ केली तर बोलावू नका, जमिनीवर बसा आणि थांबा. पाच-दहा मिनिटं फक्त त्याची असू देत. ओवाळणी दाराशी होऊ दे, पण पन्नास पाहुणे त्याच दिवशी नकोत. बाळाला आत आणल्यावर जाळीच्या दारापलीकडे न्या. पहिली उघडी भेट दोन-तीन दिवसांनी, बाळ दूध पिऊन शांत झोपलेलं असताना, गोटू जेवलेला असताना. तुम्ही पलंगावर, बाळ मांडीवर, पाय बाहेरच्या बाजूला. तो आला तर पावलं हुंगू दे, डोक्याकडे वळला तर हाताने आडवून तुमच्याकडे वळवा. आला नाही तर तेही ठीक. कुणीही गोटूला उचलून बाळाजवळ न्यायचं नाही, ‘बघ, तुझा भाऊ आला’ असं म्हणत तर मुळीच नाही. उचललेल्या मांजराला पळायला वाट नसते, आणि वाट नसली की नखं निघतात. नखं दर दोन आठवड्यांनी टोकं कापून ठेवा, सवय आत्तापासून लावा.

एक गोष्ट मला सगळ्यांत कळकळीने सांगायची आहे, कारण ती बाळाच्या गडबडीत निसटते. काही वर्षांपूर्वी रामबागेतल्या एका घरातून बोका आणला होता. बाळ घरी येऊन चार दिवस झाले होते. बोका दोन दिवस ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, पोट साफ होत नसेल म्हणून घरच्यांनी त्याला एरंडेल पाजलं होतं. मी पोटाखाली हात घातला तर मूत्राशय मोसंब्याएवढं आणि दगडासारखं टणक लागलं. लघवी तुंबली होती. नळी घातली, सलाइन लावलं, रात्रभर बसले, पहाटे तो गेला. चांगली माणसं होती, जीव लावणारी. फक्त त्या चार दिवसांत ट्रेकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. मनावर ताण आला की मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि बोक्याची मूत्रनळी इतकी बारीक असते की ती बंद पडू शकते. दीड-दोन दिवसांत ते जिवावर बेततं. म्हणून बाळ आल्यावरचा पहिला महिना यजमानांनी रोज मोजायचं, लिटरमध्ये लघवीचे गोळे किती पडले. दोन-तीन असले की ठीक. गोटू वारंवार ट्रेमध्ये जातोय आणि गोळा नाही, किंवा लघवीला रक्त, किंवा बसताना कण्हतोय, तर त्याच तासाला डॉक्टर, रात्र असली तरी. दोन दिवस जेवला नाही तरीही या, मांजराचं यकृत उपाशीपोटी फार लवकर बिघडतं. बाळाच्या दुपट्यावर शू केली तर तो सूड नसतो. आधी लघवी तपासून घ्या, मग इतर कारणं शोधू.

धागेदोऱ्यांकडेही लक्ष हवं. काळा दोरा, टोपड्याचे बंद, पाळण्यावरच्या खेळण्याची लोकर मांजर गिळतं आणि आतडी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन या.

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात रांगायला लागेल तेव्हा पारडं उलटं होईल, तेव्हा गोटूला बाळापासून वाचवावं लागेल. शेपटी हातात येईल, कोरडं खाणं तोंडात जाईल. त्या वेळी वाटी उंचावर आणि ट्रे बाळाच्या आवाक्याबाहेर. तोपर्यंत एवढ्याच गोष्टी. आणि मोठं माणूस जागं नसताना दोघं एका खोलीत नकोत, हे बाळ दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत.

एवढं करूनही काही मांजरं बाळावर कान पाडून दबा धरतात, कारण नसताना चावायला धावतात. माझ्याकडे अशी फार थोडी आली आहेत. तसं झालं तर लपवू नका, लगेच भेटा. तेव्हा एखादं चांगलं, लहान मूल नसलेलं घर शोधणं हा बरोबर निर्णय असू शकतो, आणि त्यात तुम्हाला मी मदत करीन. पण पोत्यात घालून मंडीत किंवा शेताकडे सोडणं ही सोय नव्हे. चार वर्षं ताटलीत जेवलेलं मांजर तिथे उपासाने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरतं, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे.

आज संध्याकाळची वाटी सासूबाईंच्या हातून जाऊ दे. आणि यजमानांना गोटूचं लसीकरणाचं कार्ड काढायला सांगा. रेबीजची तारीख उलटून गेली असेल तर ह्याच आठवड्यात त्याला घेऊन या, म्हणजे तुम्ही उज्जैनला जायच्या आधी तो तुमच्याच हातांत इंजेक्शन घेईल.